आस

मोटर उघडली तर आत पांढरी पूड,
खोबऱ्याच्या किसासारखी.
नायलॉनची तीन चाकं, तिन्हींचे दात गेलेले,
आणि मधलं पोलादी पिनियन चकचकीत,
जणू त्याने काही केलंच नाही.

मेस्त उर्बान बाकड्यावर बसले होते,
व्हायोलिनची पेटी मांडीवर आडवी.
"शेळवणच्या चढावर गेली," म्हणाले,
"आधी सूर चढला. मग नुसता श्वास."

अडीचशे वॅटची, नारळाएवढी मोटर.
मीच विणली होती मागच्या चाकात,
छत्तीस आरे, एक अख्खी रात्र.
सपाटीवर तिची तक्रार नव्हती.
असोल्डे, चांदर, तिळामळ, आणि ती चढावरची कपेल:
चार ठिकाणची मुलं दो-रे-मी म्हणतात
मेस्तांच्या एका गुडघ्याच्या भरवशावर,
आणि गुडघा म्हणतो, पुरे.

पोलादाचे दात मिळतात बाजारात.
संच आणला, बसवला, स्टँडवर चाक फिरवलं.
मेस्तांनी डोळे मिटले, एक तार छेडली, मान हलवली.
"ला आणि सी-बेमोल यांच्या मधोमध.
हें म्हाका सोंसना, सोयरू."

मी खाणीवरचा माणूस.
कुडचड्याच्या गॅरेजात डंपरांचे गिअरबॉक्स उतरवले, वीस वर्षं.
तिथे दात तुटला की जाड दात घालायचा,
एवढंच शास्त्र.
खाण बंद झाली, पण पान्यांच्या पेटीतली लाल धूळ
अजून बोटांना लागते.

दोन दिवस मोटर तशीच उघडी.
तिसऱ्या दिवशी जेवताना कळलं:
दात मऊ नव्हते, चाक मोठं होतं.
उठलो, उष्ट्या हाताने
पक्कड घेतली आणि छत्तीसही आरे कापले.

पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसली बिचारी.
चौकटीत बसवली, सीटच्या दांड्यापुढे,
जिथे मेस्त पाण्याची बाटली अडकवायचे.
पायडलकडून एक साखळी तिच्यावर,
तिच्यावरून दुसरी मागच्या सात चकत्यांवर.
आता चाक चढाच्या वेगाने फिरेल,
मोटर तिच्या स्वतःच्या.
दात पुन्हा नायलॉनचेच.

या जातीत कवच फिरतं, आस फिरत नाही.
पण फिरू बघतो.
कवच जेवढं पुढे ओढतं
तेवढा तो मागे वळू पाहतो, गुपचूप,
आणि नट म्हणजे त्याला नुसती विनंती.
पहिल्याच फेरीत वळला.
तीन जाड वायरी, पाच बारीक, सगळ्यांना पीळ,
दुकानभर जळका वास,
समोरची फुलवाली म्हणाली, "कोण मेलं?"

मग डंपरच्या पाट्याचा एक तुकडा काढला,
वीस टन माती पेललेला.
दहा मिलिमीटरची खाच, कानशीने, दुपारभर.
आस त्यात बसला तो हलला नाही.
न फिरणाऱ्यालाच सगळा जोर सोसावा लागतो
हे मी डंपरखाली झोपून कितीदा पाहिलं असेन,
पण तेव्हा इतकं निवांत कुठे होतं.

शेळवणला मी स्कूटर घेऊन मागे गेलो
आणि पायथ्याशी इंजिन बंद केलं, ऐकायला.
मेस्त चढले. पाय हळू, पाठ ताठ,
पेटी पाठीला बांधलेली.
अर्ध्या चढावर एक गाय आडवी, तेही थांबले,
आणि थांबून पुन्हा निघाले,
याचीच मला भीती होती.
वरून हात हलवला नाही, वर्ग सुरू झाला.

उतरताना बटन बंद.
आतला एकदिशी क्लच सुटतो, मोटर पडून राहते,
मागे फक्त फ्रीव्हीलची टिकटिक.
माझ्याजवळ आले तेव्हा गुणगुणत होते काहीतरी,
बहुधा तिच्याच सुरात. विचारलं नाही.

अर्धे पैसे दिले, उरलेले नाताळाला.
पोलादाचा संच डब्यात ठेवलाय, तेल लावून.
एखादं बहिरं गिऱ्हाईक आलं तर.